चाकांवरचं बिऱ्हाड

आईचं चालणं बंद झालं आणि आमच्याकडं गाडीची भाषा सुरू झाली. त्याआधी आमच्या सात पिढ्यांत कुणी गाडी घ्यायचं मनात आणलं नव्हतं. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. खर्ड्याच्या अलीकडं ओढ्याकाठी आमची वस्ती, दगडमातीची बुटकी घरं, पण त्या घरांत आम्ही पावसाळ्यापुरतेच राहायचो. दिवाळी झाली की घराला कुलूप, आणि मेंढरं, घोडी, कुत्री, पोरंबाळं सगळं घेऊन मावळतीच्या दिशेनं, थेट भंडारदऱ्याकडच्या अकोल्याच्या डोंगरापर्यंत. तिकडं तोवर भातं निघालेली असायची. शेतकरी खतासाठी मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे आणि आम्हाला धान्य द्यायचे. ह्या सगळ्या चालत्या पसाऱ्याला आम्ही वाडा म्हणतो. शहरातल्या माणसाला वाडा म्हटलं की चिरेबंदी भिंती आठवतात. आमच्या वाड्याला भिंत म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, तिला वाघर म्हणतात, तेवढीच. सकाळी ती गुंडाळली की झालं, वाडा उठला.

आणि हा वाडा पुढं न्यायच्या त्या बायका. हे लोकांना सांगितलं तर पटत नाही. बापये मेंढरांच्या मागं, रानोमाळ चारत येणार. बायका बिऱ्हाड घोड्यांवर लादून भल्या पहाटे पुढं निघणार, मुक्कामाची जागा बघणार, पाणी आणणार, चूल मांडणार. दिवस मावळताना मेंढरं पोचली की भाकरी तयार पाहिजे. आमच्या वाड्यात जागा ठरवायचा मान माझ्या आईचा. ती आधी पाण्याचा घोट घ्यायची, तोंडात घोळवून थुंकायची. मग जमिनीवर मुंग्यांची वारुळं बघायची, वारा कुठून येतो ते पदर उडवून बघायची, आणि मग म्हणायची, “हितं.” तिनं हितं म्हटलं की सगळ्या बायका घोड्यांचे दोर सोडायच्या. मी तिची एकुलती एक. नाव म्हाळसा, पण म्हाळूच म्हणायचे सगळे. मला आठवतं तेव्हापासून मी तिच्या डाव्या अंगाला, घोडीच्या लगामाला धरून चालत होते, आणि आम्ही दोघी सारख्या बोलत होतो. कशावर बोलायचो म्हणाल तर काही नाही. कुणाची मेंढी लंगडते, कुठल्या गावच्या पाटलिणीनं ताक दिलं, हिराकाकीच्या हुलग्याच्या माडग्याला मिठाचा पत्ता कसा नसतो. आई जेवढी चालायची तेवढी बोलायची. घरात बसली की गप्प.

एका वर्षी परतीच्या वाटेवर ओढ्यातल्या शेवाळावरून घोडी घसरली आणि आई तिच्याखाली आली. मांडीचं हाड मोडलं. ते जुळलं, पण गुडघा वाकायचा थांबला तो थांबलाच. पाय काठीसारखा सरळ. काठी टेकत अंगणातून गोठ्यापर्यंत जायची आणि घामाघूम व्हायची. आमच्यात ज्याला चालता येत नाही तो वस्तीवर राहतो, ही जुनी रीत. कुणी वाईट वाटून घेत नाही, निदान तोंडानं तरी नाही. दिवाळीनंतर वस्तीवर दोन-चार म्हातारी माणसं उरतात, एकमेकांना हाका मारत बसतात, आणि पावसाळ्याला आम्ही येतो तेव्हा त्यातलं एखादं कमी झालेलं असतं. मला त्या पावसाळ्यात झोप लागत नव्हती. आईशिवाय वाट चालायची म्हणजे काय, हे मला डोळ्यापुढं आणता येत नव्हतं, आणि आठ महिने ती त्या रिकाम्या वस्तीवर एकटी, हे तर त्याहून नाही. मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सरळ म्हटलं, “आबा, आये न्हाई आली तर मीबी न्हाई येनार.” आबा तंबाखू मळत होते. मळतच राहिले.

आबा कमी बोलायचे, पण एकदा डोक्यात घेतलं की मग मेंढरासारखं खाली मान घालून चालायचे. जामखेडला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारा एक मिस्त्री होता, त्याच्याकडं चकरा सुरू झाल्या. तिथून तयार झाला तो डबा. जुन्या जीपच्या दोन चाकांवर लोखंडी सांगाडा, भोवती पत्रा, खाली फळ्या, फळ्यांच्या पुढच्या भागात चालू न शकणाऱ्या कोकरांसाठी जाळीचा कप्पा, आणि उरलेल्या जागेत आईला पाय लांब करून बसता येईल अशी बाज, डब्यालाच पक्की जोडलेली. दार मागच्या बाजूला, कारण आईला उंच पाय टाकता येत नव्हता आणि मागं उतरती फळी लावता येत होती. वस्तीवरची सगळी माणसं तो बघायला आली. हिराकाकी, म्हणजे माझ्या चुलत्याची, तात्याची बायको, तिनं डब्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “आक्का, तुला तर म्हाल बांधला गं बाई! फकस्त म्हालाला घोडं कुठलं जुपायचं त्येवढं सांग.” सगळे हसले. आईसुद्धा हसली. ओढायला काय, हा प्रश्न खरा होता. ट्रॅक्टर घ्यावा तर तो आमच्या कामाचा नव्हता, मागं हौदा पाहिजे होता वैरणीला आणि आजारी मेंढरांना. म्हणून पिकअप.

नगरला रस्त्याच्या कडेला जुन्या गाड्या विकायला उभ्या असायच्या, तिथं आम्ही गेलो. आबा, तात्या आणि मी. मी अशासाठी की गाडी मलाच येत होती. माझा मामा दुष्काळात गावोगाव पाण्याचा टँकर ओढायचा, त्याच्या ट्रॅक्टरवर मी दोन उन्हाळे काढले होते, आणि मागं टँकर जोडलेला असताना उलटं कसं घ्यायचं ते मला गावातल्या पोरांपेक्षा बरं जमत होतं. चाक डावीकडं फिरवलं की मागचं उजवीकडं जातं. हे एकदा हाताला कळलं की डोक्याला विचारावं लागत नाही. विकणारा माणूस पान खाणारा, हाडकुळा. त्यानं आम्हाला आधी एक लालभडक गाडी दाखवली. नवा रंग, काचेला झालर, हॉर्न दाबला की पाच सूर. तात्या तिच्यापुढून हलेचना. आबा मात्र गाडीच्या मागं गेले, उकिडवे बसले, खाली वाकून बघितलं, हौद्याच्या कडेवर दोन्ही हातांनी भार देऊन दाबून बघितलं. मला म्हणाले, सुरू कर. सुरू केल्यावर धुराच्या नळीपुढं तळहात धरला आणि हुंगला.

“आवं पाव्हनं,” तो विकणारा म्हणाला, “गाडी हाय ती, म्हस न्हाई!”

“म्हशीला एवढं बघत न्हाई मी,” आबा म्हणाले. “म्हस बोलती तरी.”

“आन चालवनार कोन? ही पोरगी?”

“मग काय मी चालवू? मला तर चाबूक कुठं मारायचा तेच कळंना.”

आबांनी अट घातली की शेजारच्या वीटभट्टीवरचा पाण्यानं भरलेला टँकर मागं जोडायचा आणि समोरचा चढ चढवायचा, मगच बोलायचं. विकणाऱ्यानं कपाळाला हात लावला, पण जोडला. लाल गाडी चढाच्या निम्म्यात गेली आणि जळकट वास सुटला. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. माझ्या पायाखाली तिची धडपड कळत होती, मला तिची कीवच आली. मग कोपऱ्यातली हिरवी बाहेर काढली. हिरवी म्हणायची एवढंच, एक दार पांढरं होतं, बसायच्या गादीतून काथ्या बाहेर आला होता. तिचा आवाज जड होता. पहिल्या गिअरमध्ये ती घाई न करता, एका चालीनं, टँकर घेऊन वर गेली आणि वर जाऊन उभी राहिली. आबा चढ चालत वर आले. त्यांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवला, घोडीच्या मानेवर ठेवायचे तसा, आणि म्हणाले, “हीच.” तात्या परतीच्या सगळ्या वाटेत लाल गाडीच्या हॉर्नची आठवण काढत होता. मला काय, मला वाटत होतं आता आई येणार. मी त्या फाटक्या गादीवर राणीसारखी बसले होते.

निघायच्या आदल्या दिवशी आबांनी स्वतः डबा भरला. कुणाला हात लावू दिला नाही. आता जी गोष्ट सांगते ती आमच्यासारख्यांच्याच हातून होणार, मोटारवाल्यांच्या हातून नाही. बैलाच्या मानेवर भार देणारा माणूस पापी, हे आबांच्या हाडात मुरलेलं. गाडी भरताना ओझं असं ठेवायचं की जू हलकं राहील, मुक्या जनावराची मान सोलता कामा नये. तोच न्याय त्यांनी पिकअपला लावला. धान्याची पोती, जातं, पाण्याचा पिंप, सगळं डब्याच्या मागच्या टोकाला, दाराजवळ. मग डब्याचा पुढचा दांडा, जो गाडीला अडकवायचा, तो त्यांनी एका हातानं उचलून दाखवला. “बघ म्हाळू! एका हातानं! गाडीला कळनारबी न्हाई मागं काय हाय.” आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान मला अजून दिसतं. आपल्या बायकोला आणि त्या लोखंडी जनावराला, दोघांनाही त्रास होणार नाही असं त्यांनी केलं होतं.

आम्ही निघालो आणि पहिल्याच दिवशी मला कळलं की जे घडलं ते आमच्या मनात होतं ते नव्हे. घोडी पायवाटेनं, बांधाबांधानं जातात. गाडीला डांबरी लागते. बायका एकीकडं, मेंढरं दुसरीकडं, आणि मी डांबरी रस्त्यावर एकटी. आई मागच्या डब्यात. माझ्यामागं काच, काचेमागं हौदा, हौद्यामागं दांडा, दांड्यामागं पत्रा, आणि पत्र्यामागं आई. हाक मारली तर तिला ऐकू जायचं नाही, तिनं मारली तर मला नाही. तात्यानं एक युक्ती काढली. डब्यातून एक दोरी आणून माझ्या डोक्यावर मेंढ्याच्या गळ्यातली घाट बांधली, म्हणजे घंटा. आईनं एकदा ओढली की थांब. दोनदा ओढली की काही नको, नुसतं मी हाय. आई थोड्या थोड्या वेळानं दोनदा ओढायची. मी हॉर्न द्यायचे. एवढंच बोलणं. जन्मभर जिच्याशी चालता चालता बोलले, तिच्याशी असं टण् टण् आणि पों. मला हसू यायचं आणि त्याच हसण्यात रडू यायचं.

तासाभरात मी मुक्कामाला पोचायचे, घोडी घेतलेल्या बायका उन्हं कलल्यावर आणि मेंढरं दिवस मावळल्यावर. मधला अख्खा दिवस माळावर आम्ही दोघी. तुम्ही म्हणाल, मग बोलायचं की तेव्हा! पण आई डब्यातून उतरायचीच नाही. फळी लावली, हात पुढं केला, तर म्हणायची, राहू दे, तुझी कामं कर. जागा मीच बघायची. पाण्याचा घोट घ्यायची, वारा बघायची, आणि तिच्याकडं वळून म्हणायची, “आये, हितं बरं हाय का?” ती दाराच्या चौकटीतून बघायची आणि म्हणायची, “तुला वाटतंय तर बरंच आसंल.” तिचं ते बोलणं मला फार लागायचं. मी पाणी आणायचे, दगड मांडायचे, मेंढीच्या दुधाचा चहा तिच्या हातात द्यायचे. ती चहा पिऊन कपबशी बाजेखाली ठेवायची. लांबून कुठून तरी एखाद्या एसटीचा आवाज यायचा आणि जायचा. कोकरं आयांसाठी ओरडायची, ओरडून ओरडून गप्प व्हायची. एवढ्या मोठ्या रानात मला कधी एकटं वाटलं नव्हतं, ते त्या दिवसांत वाटलं. आता कुठल्याही वाड्यात बघा, पिकअप असते आणि पोरीबाळींच्या हातात मोबाईल असतो. माळावर बसल्या बसल्या दहा जणांशी बोलतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही असं नाही.

आठवडा झाला असेल. नगरच्या अलीकडं एक लांब उतार लागतो. मी त्या उताराला लागले तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं आणि रस्ता मोकळा होता. गाडीनं वेग घेतला आणि डोक्यावरची घाट वाजायला लागली. एकदा नाही, दोनदा नाही, सारखी. मला वाटलं, आईला काहीतरी झालं. मी ब्रेकवर पाय दाबला, आणि मागून कुणीतरी गाडीची शेपूट धरून हिसकावी तसा झटका आला. डबा डावीकडं गेला, मग उजवीकडं, मग परत डावीकडं, प्रत्येक वेळी जास्त. चाक माझ्या हातात राहीना. “आये!” म्हणून मी ओरडले, त्या काचांत, कुणाला ऐकू जाणार होतं? डबा कडेच्या मुरमात घसरला, दांडा पिळवटला, आणि एका बाभळीला टेकून सगळं थांबलं. घाट तेव्हा बंद झाली.

मी धावत गेले. दार वाकडं झालं होतं, ओढून काढलं. आई बाजेच्या लोखंडाला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती, कोपर सोललं होतं, अंगावर धान्य सांडलेलं, आणि मांडीवर एक कोकरू. तिनं दोरीला हातच लावला नव्हता. डबा हेलकावत होता म्हणून दोरी आपोआप ओढली जात होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “तुला लागलं का गं?” मी तिथंच फळ्यांवर बसून गळा काढून रडले.

वाडा यायला संध्याकाळ होणार होती. निरोप द्यायला कुणी नव्हतं. मी तिला उतरवलं, ह्यावेळी ती नको म्हणाली नाही, आणि बाभळीखाली घोंगडी टाकून तिला बसवलं, पाय लांब करून. चूल मांडली, भाकरी थापायला घेतली तर तिनं परात स्वतःकडं ओढली. बाजरीचं पीठ मळताना तिचे हात बघितले मी. कितीतरी दिवसांनी ते हात कामात होते. भाकरी, लसणीचा ठेचा आणि दूध, असं आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला, वाकड्या डब्याशेजारी बसून खाल्लं. जाणारे ट्रक वेग कमी करून बघायचे. आणि आई बोलायला लागली. बाजारातल्या, माहेरच्या गोष्टी, मी पोटात असताना ती भंडारदऱ्याच्या थंडीत कशी चालली होती ते. बोलता बोलता मध्येच थांबून म्हणाली, “आज गाडी पडली म्हनून आपुन बोलतोय, व्हय का न्हाई?”

मी तिच्या भांड्यात आणखी दूध ओतलं.

“त्या डब्यातनं मला मागचाच रस्ता दिसतो, म्हाळू. कुठनं आलो त्येवढं कळतं, कुठं चाललोय ते कळत न्हाई. तू पुढं येकटी, मी मागं येकटी, आन वाडा त्याच्याबी मागं. ह्याला सोबत म्हनायचं का?”

तिन्हीसांजेला बापये पोचले. तात्या आल्या आल्या सुरू झाला: लाल गाडी घेतली असती तर असं झालं नसतं, नाकापेक्षा मोती जड करून ठेवलाय. आबा त्याला म्हणाले, तुझ्या त्या लालीनं चढावरच जीव सोडला हुता. दोघं हमरीतुमरीवर आले. मी गुमान डब्याकडं बघत होते. मला एक गोष्ट आठवत होती: एका सकाळी थंडीनं सगळी कोकरं जाळीच्या पुढच्या कडेला दाटीवाटीनं गोळा झाली होती, म्हणजे भार पुढं आला होता, आणि त्या दिवशी गाडी कशी सुतासारखी सरळ चालली होती. दुसऱ्या दिवशी रस्त्याकडच्या एका वेल्डिंगवाल्यानं दांडा सरळ करून दिल्यावर मी पोती आणि जातं उचलून पुढं नेलं, पिंप मधोमध घेतला. आबांनी दांडा उचलून बघितला. दोन्ही हात लागले. “म्हाळू, येवढा भार? तिच्या मानेवर?”

“आबा, तिला मान न्हाई. तिला वर भार लागतो, तवाच तिची चाकं भुई धरत्यात.”

त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी मला करू दिलं. तोच उतार मी परत चढून परत उतरले, आई डब्यात नसताना. डबा मागून मुकाट आला. घाट एकदाही वाजली नाही. खाली उभे असलेले आबा लहान पोरासारखे हसले. मला वाटलं, सुटलं. आता काही अडचण उरली नाही, आता अकोल्यापर्यंत आई माझ्या मागं.

त्या संध्याकाळी हिराकाकीनं सगळ्यांची भाकरी केली. आईचं ताट वाढून तिच्या हातात दिलं. आईनं ते मांडीवर घेतलं आणि एक घास न खाता म्हणाली, “मला उद्या घरी सोडा.”

आबांना आधी कळलंच नाही. “आता भ्या न्हाई. पोरीनं नीट केलंय सगळं.”

“मी भ्याले न्हाई.”

“मग?”

“पानी दुसरीनं आनायचं, भाकरी दुसरीनं करायची, जागा दुसरीनं बघायची. मी पोत्यागत हिकडनं तिकडं. घरी मी काठी टेकत का व्हईना, चुलीपर्यंत जाते. माझ्या चुलीपर्यंत.”

“तुझ्यासाठी केला डबा,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. तो मी आयुष्यात तेवढा एकदाच फुटलेला ऐकला.

“व्हय,” आई म्हणाली. “म्हनून तर येवढे दिस बसले त्यात.”

हिराकाकी, जिची जीभ कधी थांबत नसे, ती पदर तोंडाला लावून मेंढरांकडं निघून गेली. मी आईच्या पाया पडले, भांडले, शेवटी म्हणाले की मग मीपण तुझ्याजवळ राहते. आई म्हणाली, “आन गाडी कोन चालवनार? तुझा आबा? चाबूक घिऊन?” आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या घडीला मी तिच्यावर जेवढी रागावले होते तेवढी कुणावरच कधी रागावले नाही.

सकाळी निघताना तिनं डब्यात बसायला साफ नकार दिला. तिचं सामान डब्यात आणि ती हौद्यात, वैरणीच्या पेंढ्यांवर, केबिनला पाठ टेकून, पाय लांब करून. मी मागची काच सरकवून उघडली. आता तिचं डोकं माझ्या डोक्यापासून वीतभर. आणि मग आम्ही आष्टीपर्यंत, जामखेडपर्यंत, सगळ्या वाटेत बोललो. वाऱ्यानं निम्मे शब्द उडून जायचे, मग परत ओरडून सांगायचे. हिराकाकीच्या माडग्याची नक्कल केली तिनं. जामखेडच्या चौकात मी गाडी थांबवून भजी घेतली, काचेतून तिच्या हातात दिली. मी म्हटलं, “आये, हे बरंय की! असंच जाऊ अकोल्याला. मी गाडी वळवते बघ.” ती हसली. म्हणाली, “चार घटका बरं वाटतंय. आठ महिने न्हाई वाटायचं. मग तूच म्हनशील, म्हातारी लई बडबडती.” मी कधीच म्हटलं नसतं. आज मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे, माझेही गुडघे दुखतात, आणि सून ताट हातात आणून देते तेव्हा मला आई काय म्हणत होती ते समजतं. तेव्हा समजलं नव्हतं.

वस्तीवर शुकशुकाट होता. मी कुलूप काढलं, सामान आत लावलं, चुलीला सारवण केलं, ओढ्यावरून पाण्याचे हंडे भरून ठेवले, सरपण हाताशी रचलं. काम संपूच नये असं वाटत होतं. शेजारची आंधळी म्हातारी काठी आपटत आली आणि कोण आलं, कोण आलं म्हणून विचारत राहिली. आईनं तिला बसवलं, चहा टाकला. मग मला म्हणाली, “निघ आता. वाडा लांब जाईल.” ती काठी टेकत दारापर्यंत आली. उंबऱ्याला धरून उभी राहिली. मी गाडी सुरू केली आणि हात वर केला. तिनं केला की नाही ते मला बघायचं होतं म्हणून मी बाजूच्या आरशात बघितलं. आरशात डबा होता. दुसऱ्या आरशात बघितलं, त्यातही डबाच. आईसाठी केलेलं ते पत्र्याचं घर आमच्या दोघींच्या मध्ये उभं होतं, आणि त्याच्या दोन्ही कडांनी नुसती धूळ दिसत होती.

वळणावर मी गाडी थांबवली. उतरले आणि धावत मागं आले, जिथून घर दिसतं तिथपर्यंत. दार लागलेलं होतं. आई आत गेली होती. आतून धूर यायला लागला होता, म्हणजे तिनं चूल पेटवली होती. हाक मारली असती तर ती आली असती, ते मला ठाऊक होतं. तिला दारापर्यंत यायला किती वेळ लागतो तेही ठाऊक होतं. मी हाक मारली नाही.

दिवस मावळायच्या आत मी वाड्यात पोचले. आबा वाट बघत रस्त्यावर उभे होते. त्यांनी डब्याचं दार उघडून आत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग खाली वाकून एकेक करून कोकरं आत सोडली.